आधी हात धुवा, मग नातं सांगा

दवाखान्यातले किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. दुपारी आम्ही नर्सेस चेंजिंग रूममध्ये डबे उघडतो, कुणीतरी विचारतं, "काय गं, आज कुणाशी भांडलीस?" आणि जे सुरू होतं ते भाजी गार झाली तरी थांबत नाही. एकीचं संपेपर्यंत दुसरीला आठवलेलं असतं आणि तिसरी घास हातात धरून "अगं, हे तर काहीच नाही!" म्हणत असते.

माझ्याकडे इतरांपेक्षा जरा जास्त साठा आहे, कारण माझं कामच तसलं. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. शिरूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात. नाव भारदस्त वाटतं, पण काम सोपं आहे. दिवसभर लोकांच्या हातांकडे बघायचं आणि वाईटपणा घ्यायचा! जंतूंना पाय नसतात. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे ते आपल्याच हातांवर बसून जातात. डॉक्टरांच्या, आमच्या, नातेवाइकांच्या. म्हणून मी सगळ्यांना अडवते. सर्जनला, सरपंचाला, सासूला. पाटसला माहेरी गेले की भावजया मला 'हातवाल्या वन्सं' म्हणतात. म्हणू देत!

आज सांगते ते सगळे किस्से गेल्या वर्षीचे, आणि सगळे एकाच खोलीच्या दारातले. आमच्या पॅसेजच्या टोकाला एक कोपऱ्यातली खोली आहे. तिथे मनीषा होती. रांजणगावच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर प्रेस मशिन चालवायची. एके दिवशी उजवा हात मशिनमध्ये गेला. बोटं वाचली, पण तळव्याची कातडी सोलून निघाली, आणि त्या उघड्या जखमेत असा एक जंतू येऊन बसला की औषधांना दादच देईना.

आमचे सर्जन ढमाले सर. त्यांनी तिच्यासमोर स्पष्ट सांगितलं, "जखम स्वच्छ झाली तर मांडीची कातडी लावून हात वाचवू. जंतू हाडात उतरला तर मनगटापासून काढावा लागेल."

मनीषानं डाव्या हाताची बोटं उघडमीट करून बघितली. मग म्हणाली, "सर, मग डाव्या हातानं पोरीची वेणी घालायला आत्तापासनंच शिकू का?" सर केसपेपर चाळायला लागले. त्यात त्यांना वाचण्यासारखं काही नव्हतं.

त्यात त्या खोलीच्या समोरच बाळंतिणींचा वॉर्ड. म्हणजे तो जंतू बाहेर पडला तर थेट कोवळ्या बाळांच्या घरात. आमच्या साळवे मेट्रननी त्याच दिवशी आम्हाला सगळ्यांना त्या दारासमोर उभं केलं. मेट्रन जुन्या मिशन कंपाउंडमधल्या. ख्रिस्ती. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या, आवाजानं अख्ख्या दवाखान्याएवढ्या. म्हणाल्या, "हा जंतू बाहेर जाणार न्हाई आन् नवा आत येणार न्हाई. मधी मी उभी हाय."

आणि खरंच उभ्या राहिल्या.

*

आमच्याकडे पेशंटला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच महत्त्वाचं. नाही गेलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. पहिल्याच रविवारी मनीषाच्या सासरहून अख्खा पिकअप भरून माणसं आली. पुढे तिचे चुलत सासरे, आबा. पांढरी टोपी, मिशा, आणि चालण्यात असा रुबाब की दवाखाना त्यांच्याच सातबाऱ्यावर असावा.

भेटायचं म्हणजे नुसतं बघायचं नसतं बरं का! दुखऱ्या हाताला हात लावून "लय वंगाळ झालं गं बाई" म्हणायचं, तेव्हा कुठे भेट पुरी होते.

मेट्रन दारात आडव्या. "येका टायमाला येक माणूस. आन् आधी हात धुवा."

"आम्ही काय परके हाय का?" आबा तडकले.

"परके दारातनंच इचारून जात्यात, आबा. हात लावत्यात ते आपलेच. म्हणून तर आपल्यांचीच भीती!"

आबा पुटपुटत बेसिनकडे गेले. मी शेजारी उभी राहून शिकवलं. नळ कोपरानं, मग साबण, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा. आबांनी मात्र अगदी मन लावून धुतले हो! पिकअपवाली मंडळी कौतुकानं बघत होती. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, एक माणूस सुधारला.

मी गाऊन आणायला वळले, तेवढ्यात आबांनी खिशातून चंची काढली, तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं घोटून घोटून मळली, थापटली, ओठाखाली सोडली, हात बंडीला पुसला आणि निघाले आत!

"आबा! हात!"

"आत्ताच धुतले की! तुमच्या म्होरं!"

"आणि ही तंबाखू?"

आबांनी आपल्या तळव्याकडे निरखून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "व्हय की! येवढ्या सोच्छ हातानं कवा मळलीच नव्हती. चवच बदलली बगा!"

हात पुन्हा धुतले. भेटीची वेळ संपेपर्यंत चंची माझ्याकडे जप्त होती. युनिफॉर्मच्या खिशात तंबाखूची चंची घेऊन मी बाळंतिणींच्या वॉर्डात राउंड मारला.

*

आमचे वॉर्डबॉय रंगनाथ मामा म्हणजे काटकसरीचं दुकान. रिटायरमेंटला आलेले, कामाला चोख, पण कुठलीही वस्तू टाकून द्यायची म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं.

त्या खोलीत जाताना हातमोजे घालायचे, बाहेर येताना दारातल्या डब्यात टाकायचे, हा नियम. मामा नियम पाळायचे. तरी डबा रिकामाच! मला कळेना. एकदा गच्चीवर पडद्यांचं बघायला गेले, तर दोरीवर ओळीनं हातमोजे वाळत घातलेले. चिमटे लावून! वाऱ्यानं फुगून सगळी बोटं मला टाटा करत होती.

मामांना वर बोलावलं. ते शांत. "टाकायचे कशाला सिस्टर? येक भोक न्हाई त्यास्नी. साबण लावून धुतलेत."

"मोजे धुतलेत?"

"दोन येळा!"

"आणि मोजे काढल्यावर हात?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही बाईला उन्हाचा त्रास झाला असावा. "हात कशाला? हात तर मोज्यात व्हते!"

*

मग आली राखीपौर्णिमा. ढमाले सरांना बहिणी, मामेबहिणी, चुलतबहिणी, शिवाय दवाखान्यातल्या निम्म्या मुली राखी बांधतात. दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले ते कोपरापर्यंत सजून! गोंडे, मणी, चमकी, आणि एकीवर तर चक्क छोटा मोर. चार दिवस झाले तरी मोर जागेवर. तोच हात आंघोळीत भिजतोय, तोच जेवणात, तोच ड्रेसिंगमध्ये.

मी म्हटलं, "सर, राख्या."

"सुनंदा सिस्टर, बहिणींनी बांधल्यात. अशा कशा काढू? भावनेचा प्रश्न आहे."

मेट्रन म्हणाल्या, "बरोबर हाय सर. भावनेचा प्रश्न बहिणीलाच इचारावा. लावा फोन."

सरांना वाटलं गंमत चाललीय. त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला, तोही स्पीकरवर, सगळ्या राउंडसमोर. बहीण दौंडला असते, शाळेत शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, अजून तीच राखी? ओली होऊन वास मारत असेल! आणि त्या हातानं तू लोकांच्या जखमा उघडतोस? काढ आधी! नाहीतर पुढच्या वर्षी येऊ नकोस."

सरांनी मुकाट्यानं काढल्या. आम्ही खूश. मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले. मनगटं मोकळी, बाह्या वर, चेहऱ्यावर आज्ञाधारक विद्यार्थ्याचं हसू. पहिल्या पेशंटची छाती तपासायला त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, तर मोर त्याच्यावर!

"मनगटावर नाही ना आता?" सर म्हणाले.

*

मेट्रन दुसऱ्यांनाच अडवतात असं कुणाला वाटत असेल तर हा ऐका. त्यांनी चर्चमध्ये मनीषासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं. मंडळींनी घरी करायची ती दवाखान्यात येऊन करायची ठरवली. पाळकसाहेब आणि मागे पाच-सहा बायका, सगळ्या मेट्रनच्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या.

"पाळकसाहेब, आधी हात धुवा."

"बाई, मी आशीर्वाद द्यायला आलोय."

"हातानंच देणार ना?"

पाळकसाहेब धुऊन आले. मेट्रननी त्यांच्या काखेतल्या बायबलकडे बोट दाखवलं. "हे बाहेर. सकाळपासनं पाच वॉर्ड फिरलंय हे."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पाळकसाहेब गंभीर झाले. "पवित्र शास्त्र बाहेर ठेवू? मग वचन कसं सांगू?"

"पाठ न्हाई व्हय तुमाला?"

आता हा प्रश्न चारचौघात कुठल्या पाळकाला विचारावा का? पण विचारला! पाळकसाहेबांनी बाहेरूनच, दोन्ही हात उंच करून सुरुवात केली. अर्ध्यावर अडले. मेट्रननी बेसिनजवळून पुढचं वचन सांगितलं. पुन्हा अडले, पुन्हा सांगितलं. आत मनीषा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खळखळून हसली.

पाळकसाहेब आता घरून पाठ करून येतात.

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. पण तो गाळला तर बाकीच्यांना अर्थ नाही.

मनीषाची जखम सुधारत होती. कडेनं लाल, ताजं मांस दिसायला लागलं होतं. सर म्हणाले, आता थोडेच दिवस. आणि अचानक पुन्हा पू! पुन्हा ताप! आम्ही सगळे हबकलो. मी प्रत्येकाच्या हातावर पाळत ठेवली होती, मग हे आलं कुठून? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वाटलं, पोरीचा हात माझ्या नजरेसमोर चाललाय.

सकाळी ड्रेसिंग सोडताना मला पट्टीच्या आतल्या घडीत काहीतरी करडं दिसलं. मोजे घातलेल्या बोटांनी चोळलं. राख!

मनीषाची आई हिराबाई खोलीतच राहायची. आम्ही तिला गाऊन, हात धुणं, सगळं शिकवलेलं, आणि ती सगळं पाळायचीही. मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं मान खाली घातली. देवाचा अंगारा होता. गावाकडून कुणीतरी पुडी पाठवलेली. मनीषा झोपली की हिराबाई चिमूटभर पट्टीच्या कडेनं आत सरकवायची.

मी भडकले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. हिराबाई भिंतीला टेकून रडायला लागली. "तुमीच म्हणता औषध ऐकत न्हाई. मग म्या देवाला बी इचारू नगं का? माझ्या लेकीचा हात जाताना नुसतं बघत बसू का?"

तेवढ्यात मेट्रन आत आल्या. त्यांनी हिराबाईच्या हातातली पुडी घेतली. मला वाटलं, आता फेकणार! पण त्यांनी ती उघडून हिराबाईसमोर धरली.

"लावा तिच्या कपाळाला. रोज लावा. मी आडवी येणार न्हाई. कपाळ तुमचं. जखम माझी!"

हिराबाईंनी बोटानं मनीषाच्या कपाळाला अंगारा लावला. मग उठल्या, बेसिनवर गेल्या, आणि बोटं लाल होईपर्यंत हात धुतले. त्या दिवसापासून त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागल्या. लोकांना अडवणारं आणखी एक माणूस आम्हाला मिळालं, आणि ते आमच्यापेक्षा कडक निघालं!

*

त्या खुर्चीची पहिली शिकार म्हणजे मनीषाच्या कंपनीतले साहेब. इतके दिवस कुणी फिरकलं नव्हतं. एके दिवशी एचआरचे साहेब आले. हातात सेलोफेनमधला बुके, त्यातून पाणी टपकतंय, मागे एक जण मोबाईल काढून फोटोच्या तयारीत.

हिराबाई उठल्या. "फुलं भायेर. हात धुवा."

"मावशी, मी सॅनिटायझर लावलंय."

"कवा?"

"सकाळी. ऑफिसमध्ये."

हिराबाई माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, ह्येंचं सकाळचं अजून चालतंय का?"

साहेबांनी हात धुतले. बुके बाहेरच्या बाकावर. गाऊन चढवला तो उलटा, गाठ पुढे. आत जाऊन ते मनीषाला म्हणाले, "कंपनी तुमच्या पाठीशी आहे. काय पाहिजे ते सांगा. आणि जरा इकडे बघून स्माईल द्या."

मनीषानं बघितलं. स्माईल दिलं नाही. म्हणाली, "साहेब, हात आत गेला की मशिन थांबवतो त्यो सेन्सर बंद पडलाय म्हणून आम्ही पोरींनी तीन वेळा सांगितलं व्हतं. माझ्या जागंवर आता जी पोरगी उभी हाय तिच्यासाठी तेवढा बसवा. फुलांचं नंतर बगू."

फोटो काढणाऱ्यानं मोबाईल हळूच खिशात घातला. साहेब बाहेर आले, गाऊनची गाठ सुटेना. हिराबाईंनी सोडून दिली आणि म्हणाल्या, "जाताना बी हात धुवा. भायेर लेकरं हायेत."

*

आता खंडेनवमीचा किस्सा. हा आमच्या दवाखान्यात अजूनही कुजबुजत सांगतात, कारण त्यात आप्पा आहेत. आप्पा म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात केस पांढरे केलेले. मनानं वाईट नाहीत, पण 'नाही' हा शब्द त्यांनी फक्त स्वतः वापरलेला.

दरवर्षी खंडेनवमीला आमच्याच पॅसेजमधल्या ऑपरेशन थिएटरमध्ये शस्त्रपूजा होते. कात्र्या, चिमटे, सुऱ्या हिरव्या कापडावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती, उंबऱ्यावर नारळ. पूजा आप्पांच्या हस्ते. नंतर आम्ही थिएटर धूत बसायचं. फटीफटीतून कुंकू निघत राहतं. दरवर्षी त्या दिवसांत ऑपरेशनच ठेवत नाहीत, म्हणून चालून जायचं.

गेल्या वर्षी मात्र मनीषाची जखम ऐन नवरात्रात स्वच्छ झाली. जंतू गेला! सर म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्राफ्ट, म्हणजे मांडीची कातडी हाताला लावू. आता थांबलो आणि जंतू परत बसला, तर हात गेला म्हणून समजा."

मेट्रननी थिएटर धुऊन, निर्जंतुक करून कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली.

नवमीला सकाळी आप्पा आले. बरोबर गुरुजी, फोटोग्राफर, ट्रस्टी, कार्यकर्ते. पूजेचं ताट घेऊन सगळे कुलपासमोर.

"उघडा," आप्पा म्हणाले.

"न्हाई उघडणार, आप्पा," मेट्रन म्हणाल्या. "परवा त्या पोरीचा हात हाय आत."

आप्पांना वाटलं आपण चुकून दुसरं काहीतरी ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मेट्रननी पुन्हा तेच. मग मागून कुणीतरी म्हणालं, "यांचं काय, हे ख्रिश्चन. यांना आपला सण खुपणारच."

मेट्रनचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आणि माझं डोकं फिरलं! राग आला की माझी पाटसची भाषा बाहेर येते. "कोण बोललं त्ये? म्होरं या! माझ्या घरी घट बसलेत. नऊ दिवसांचा उपास हाय माझा. किल्ली माझ्याकडं हाय, आन् मी बी उघडणार न्हाई! आता सांगा, कुणाला कुणाचा सण खुपतोय!"

उपाशी बाईशी वाद घालायला कुणी पुढे आलं नाही.

आप्पांचे कान लाल झाले. "उद्यापासनं तुम्ही दोघी यवतच्या आपल्या दवाखान्यात. ऑर्डर काढतो."

"काढा," मेट्रन म्हणाल्या. "ग्राफ्ट झाली की जातो. यवतला बी पाणी हाय, साबण हाय."

आता आप्पांची पंचाईत. ताट सजवलेलं, गुरुजी उभे, फोटोग्राफर उभा, मागे माणसं बघतायत. परत जायचं तर नाचक्की. तेवढ्यात खुर्चीवरून हिराबाई उठल्या. "आप्पा, ज्या हत्यारानं राखलं त्येची पूजा करायची ना? मग ह्येची करा." आणि त्यांनी ताटातलं कुंकू घेऊन सरळ बेसिनच्या नळाला लावलं! "माझ्या लेकीचा हात ह्येनं राखलाय."

गुरुजी हुशार. त्यांनी लगेच मंत्र म्हणायला घेतले. आप्पांनी हळदकुंकू वाहिलं, नळाला झेंडूचा हार घातला, नारळ बाहेर अंगणात फोडला. फोटोसुद्धा झाला. आम्ही म्हटलं, सुटलो.

कसलं सुटलो! आप्पांनी जाहीर केलं, "आता उद्यापर्यंत ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. पूजलेलं हत्यार इसावा घेतं."

रीतच आहे तशी. नांगर, ट्रॅक्टर, रांजणगावची मशिनं, पूजली की त्या दिवशी बंद. आणि त्या पॅसेजला बेसिन तेवढं एकच! मामा हात जोडून लांब सरकले. आयाबाई घाणेरडं भांडं घेऊन आली, नळाकडे बघून तशीच उभी. ढमाले सर मनीषाच्या ड्रेसिंगला आले आणि बाह्या वर करून हारासमोर थबकले. "मेट्रन, आता?"

मेट्रन हलल्या नाहीत. त्यांनी त्या नळाला हात लावला असता तर काय झालं असतं ते सगळ्यांनाच माहीत होतं. माझाही हात पुढे होईना. अख्ख्या दवाखान्याला हात धुवायला लावता लावता आम्ही नळाचाच देव करून ठेवला होता!

हिराबाई पुढे झाल्या. हार काढून त्यांनी आप्पांच्याच हातात दिला. "म्याच पूजलाय, म्याच उघडते." नळ सोडला, साबण घेतला, सावकाश हात धुतले. मग बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, बाकीचे देव लांबनं पावत आसतील. ह्यो हात लावल्याबिगर पावत न्हाई! या."

आप्पांनी आधी हाराकडे बघितलं, मग आपल्या कुंकवानं माखलेल्या बोटांकडे. आणि पुढे होऊन हात धुतले. लाल पाणी कितीतरी वेळ जात होतं. त्यांच्यामागे सरांनी धुतले, गुरुजींनी धुतले, कार्यकर्त्यांची रांग लागली.

यवतची ऑर्डर अजून यायचीय.

*

ग्राफ्ट ठरल्या दिवशीच झाली. पहिली पट्टी उघडायची त्या सकाळी सरांनी कुणी न सांगता दोनदा हात धुतले. कातडी बसली होती. गुलाबी, घट्ट.

पण बसलेली कातडी म्हणजे चालणारा हात नव्हे. बोटं लाकडासारखी झाली होती. फिजिओथेरपीची बाई आली की मनीषा आधी रडायची, मग शिव्या द्यायची. त्या बाईला, मला, सरांना, मशिनला. "ऱ्हाऊ द्या आता! हात हाय ना जागंवर? बास झालं!" बोटं इंचभर वाकायची आणि परत ताठ व्हायची. घरी जायचा दिवस ठरला तरी मूठ काही वळली नव्हती. सर मला हळूच म्हणाले, "हात वाचवला, पण कामाचा होतोय की नाही, देव जाणे."

निघायच्या दिवशी मनीषा खोलीतून बाहेर आली. नवी साडी, कपाळाला अंगारा. समोर तिची छोटी पोरगी बाबांचा हात धरून उभी होती. इतक्या दिवसांत तिला आत सोडलं नव्हतं. ती "आई!" म्हणून धावली, तशी मनीषा मागे सरकली. "थांब! हात धुते आधी."

ती बेसिनजवळ गेली. आमच्या नळाला लांब दांडी आहे, ढकलायची. तिनं डावा हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि उजवा काढला. एक बोट दांडीवर ठेवलं. मग दुसरं. तिसरं निसटलं, पुन्हा ठेवलं. कपाळावर घाम आला. सर श्वास रोखून उभे, मामांच्या हातातली बादली तशीच, हिराबाईंचा पदर तोंडात. अंगठा आला. मूठ वळली. दांडी हलली आणि पाणी आलं!

सरांनी चष्मा काढला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तर हुंदके देत होते, लाज कसली त्यात! मनीषा त्या पाण्याकडे, आणि दांडीवरच्या आपल्या बोटांकडे, बघतच राहिली.

आणि मागून मेट्रनचा आवाज आला. अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असा, आणि जरासा फाटलेला.

"कोपरानं! कोपरानं उघडायचा नळ! बोटं लावायला कुणी सांगितलं तुला?"